कुंपणाच्या आतला देव

सैन्यातला पाद्री छावणीत आला, चार शब्द बोलला, प्रत्येकाच्या हाती एकेक बायबल दिले आणि गेला. समोर उभ्या असलेल्या जर्मन युद्धकैद्यांपैकी काहींना त्यापेक्षा दोन-चार सिगारेटी मिळाल्या असत्या तर बरे वाटले असते, असे त्यांच्यातल्याच एकाने पुढे लिहून ठेवले आहे. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. हॅम्बर्गच्या एका शिक्षकाचा मुलगा. घरात देवाधर्माचे प्रस्थ नव्हते, नाताळाला चर्चमध्ये जायचे तेवढेच. आइन्स्टाइन आणि माक्स प्लांक ही त्याची दैवते होती आणि त्याला गणित, भौतिकशास्त्र शिकायचे होते. सैन्यात जाताना त्याने बरोबर घेतली होती ती गोएथेच्या कविता आणि नीत्शेचे 'झरथुष्ट्र' ही दोन पुस्तके. आता हे तिसरे हाती आले. संध्याकाळी बराकीत तो ते चाळायचा. फारसे काही कळत नव्हते.

त्या मुलाचे नाव युर्गेन मोल्टमान. पुढे ट्यूबिंगेन विद्यापीठात १९६७ पासून १९९४ पर्यंत त्यांनी थिऑलॉजी, म्हणजे ईश्वरविषयक शास्त्र, शिकवले. 'आशेची थिऑलॉजी' (१९६४) आणि 'क्रुसावर खिळलेला देव' (१९७२) या दोन पुस्तकांनी त्यांचे नाव जगभर नेले. गेल्या साठ वर्षांतल्या ख्रिस्ती विचारावर त्यांच्याइतका खोल ठसा फार थोड्यांनी उमटवला असेल. ३ जून २०२४ रोजी, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, ते ट्यूबिंगेनमध्येच वारले. जग त्यांना प्राध्यापक म्हणून ओळखत होते, पण आपल्या श्रद्धेचा उगम सांगायची वेळ आली की ते दरवेळी तारेच्या कुंपणाकडे बोट दाखवत.

'तुरुंगात मला प्रभू भेटला' अशा साक्षी ख्रिस्ती मंडळ्यांत पुष्कळ ऐकायला मिळतात. त्यांचा साचाही ठरून गेला आहे. वाट चुकलेला माणूस, गुन्हा, कोठडी, एका रात्री पडलेला प्रकाश, आणि तिथून पुढे सगळे सुरळीत. साक्ष देणाऱ्याच्या डोळ्यांतल्या पाण्यावर मला कधी शंका आलेली नाही. खटकते ती घाई. त्या घाईत ज्याचे नुकसान झाले तो माणूस गोष्टीतून गळून जातो आणि तुरुंगालाच उगाच चांगुलपणाचे प्रशस्तिपत्र मिळते. मोल्टमान यांची साक्ष तशी नाही. तिला तीन वर्षांहून अधिक काळ लागला, आणि ज्यांचे नुकसान झाले ती माणसे त्या साक्षीत प्रत्यक्ष समोर येऊन उभी राहिली. म्हणून ती नीट, सावकाश सांगायला हवी.

सुरुवात छावणीच्या आधीची आहे. १९४३ साली हॅम्बर्गमधल्या शाळांतले वर्गच्या वर्ग विमानविरोधी तोफांवर नेमले गेले. मोल्टमानच्या वर्गाची तोफ शहराच्या मधोमध असलेल्या आल्स्टर तलावातल्या मचाणावर होती. वय सतरा. त्या जुलैच्या अखेरीस ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी हॅम्बर्गवर जो मारा केला त्याला हल्लेखोरांनी बायबलमधलेच नाव दिले होते : गमोरा. बॉम्बनी लागलेल्या आगी एकमेकींत मिसळल्या आणि सगळ्या वस्त्यांवरून आगीचे वादळ सुटले. सुमारे चाळीस हजार माणसे मेली. शेजारी उभा असलेला शाळासोबती बॉम्बच्या एका तुकड्याने मोल्टमानच्या डोळ्यांदेखत छिन्नविच्छिन्न झाला. तोच बॉम्ब, तेच मचाण, दोघांमध्ये हातभराचे अंतर. एक गेला आणि एक पाण्यात पडून फळीला धरून तरंगत राहिला.

आयुष्यात पहिल्यांदा देवाला हाक मारली ती त्या रात्री, असे मोल्टमान सांगत. तू कुठे आहेस, एवढेच त्या हाकेत होते. दुसरा प्रश्न तेव्हा सुरू झाला आणि जन्मभर सुटला नाही : ते सगळे मेले, मग मी का उरलो? हे असले प्रश्न पडतात म्हणजे श्रद्धा आली असे नव्हे. त्याच्याजवळ तेव्हा श्रद्धा नव्हतीच. होता तो फक्त पत्ता नसलेला आक्रोश.

१९४४ मध्ये त्याला पायदळात घेतले आणि १९४५ च्या फेब्रुवारीत तो ब्रिटिश सैनिकांना शरण गेला. पहिली छावणी बेल्जियममध्ये, ऑस्टेंडजवळच्या झेडेलगेमला. जिवंत राहिल्याचा आनंद फार दिवस टिकला नाही. रात्री डोळे मिटले की हॅम्बर्ग पेटायचे. आसपासची धडधाकट माणसे आतून कोसळताना तो पाहत होता. जखम नाही, ताप नाही, तरी काही जण नुसते मावळत गेले, कारण पुढे काही उरलेच नव्हते. त्याच वाटेवर तो स्वतःही होता.

आणि मग मे महिन्यातला एक प्रसंग. कैद्यांची एक तुकडी कुठलीशी गाडी ढकलत छावणीबाहेर निघाली होती. चालता चालता समोर अचानक चेरीचे झाड आले, पूर्ण बहरलेले. मोल्टमान लिहितात, की ते पाहून त्यांना भोवळ यायची बाकी राहिली होती, आणि कित्येक महिन्यांनी आत काहीतरी जिवंत हलल्याचे त्यांना जाणवले. एवढेच. झाडाने त्यांना देव दाखवला असे ते म्हणत नाहीत. आपण अजून काही पाहू शकतो, एवढे मात्र त्या झाडाने त्यांना दाखवले. बरे होण्याची सुरुवात बहुधा इतकीच छोटी असते, आणि साक्षी देताना आपण ती सांगायला विसरतो.

तिथून रवानगी स्कॉटलंडमधल्या किलमारनॉकला, छावणी क्रमांक २२ मध्ये. इथे त्याच्यावर दुसरा आघात झाला, आणि माझ्या मते तो पहिल्यापेक्षा मोठा होता. एका बराकीत बेल्झन आणि आउश्विट्झ या नाझी छळछावण्यांचे फोटो लावले गेले. प्रेतांचे ढीग. हाडांचे सापळे झालेली, तरी श्वास घेणारी माणसे. काही कैद्यांनी तो शत्रूचा प्रचार म्हणून झटकून टाकला. पण एकदा पाहिलेले डोळ्यांतून जाईना. आपण कशासाठी लढलो, कशासाठी तो मित्र मेला, या प्रश्नाचे उत्तर त्या भिंतीवर टांगलेले होते. आतापर्यंत त्याला आपल्या माणसांचे दुःख होते, आता आपल्या माणसांनी केलेल्या पापाची लाज आली. जर्मनीला परत जाऊच नये असे त्याला वाटू लागले.

दुःख आणि लाज या दोन वेगळ्या जखमा आहेत. दुःख झालेल्या माणसाला जवळ घेता येते. लाज वाटणारा माणूस कोणाला जवळ येऊच देत नाही. या मुलाला दोन्ही एकाच वेळी झाल्या होत्या आणि जवळ होते ते सिगारेटींऐवजी हाती आलेले एक पुस्तक.

स्तोत्रसंहितेतल्या एकोणचाळिसाव्या स्तोत्रापाशी तो थांबला. मराठी ख्रिस्ती घरांत तेविसावे स्तोत्र लहान मुलांनाही पाठ असते, हिरवी कुरणे आणि मेंढपाळ सर्वांना ठाऊक असतो. एकोणचाळिसावे सहसा कोणी पाठ करत नाही. त्यातला माणूस तोंड आवळून गप्प बसला आहे, गप्प बसून त्याचे दुःख आतल्या आत पेटते आहे, आपले आयुष्य किती तोकडे आहे हे त्याला कळले आहे आणि तो देवाला सांगतो आहे की मी तुझ्या दारी परका आहे, माझे वाडवडील होते तसाच. कुठेही दिलासा नाही. शेवटी तर तो देवाला म्हणतो, नजर फिरव, म्हणजे मला जरा श्वास घेता येईल. मोल्टमानला त्यात स्वतःचा आवाज ऐकू आला. त्याला जे बोलता येत नव्हते ते कोणीतरी अडीच हजार वर्षांपूर्वी बोलून ठेवले होते, आणि तेही पवित्र म्हणून जपलेल्या पुस्तकात.

मग मार्ककृत शुभवर्तमान. चारही शुभवर्तमानांतले हे सर्वांत आखूड आणि सर्वांत कठोर. येशूला धरून नेतात, शिष्य पळतात, ओळखणारा ओळख नाकारतो, आणि क्रुसावर शेवटी येशू आक्रोश करतो की देवाने मला का टाकले. मोल्टमान तिथे पोचला तेव्हा त्याला वाटले, हा मला समजून घेतो. हॅम्बर्गच्या पाण्यात आपण जे ओरडलो, तेच हा ओरडतो आहे. देव कुठे आहे या प्रश्नाचे उत्तर त्याला मिळाले नाही, पण तो प्रश्न विचारणारा सोबती मिळाला. त्यानंतरची त्याची सारी थिऑलॉजी या एका क्षणातून निघाली असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. आपण ख्रिस्ताला शोधले नाही, त्यानेच आपल्याला शोधून काढले, असे ते पुढे आयुष्यभर म्हणत राहिले.

इथेच थांबलो असतो तर ही गोष्ट पुस्तकाची झाली असती. ती तशी नाही. पुस्तकातल्या येशूला हातपाय मिळाले ते किलमारनॉकच्या माणसांमुळे. जर्मन कैदी मजुरीच्या कामांवर जात. तिथले स्कॉटिश मुकादम आणि त्यांच्या घरची माणसे या पोरांशी माणसांसारखे वागली. ब्रिटनमध्ये तेव्हा सुमारे चार लाख जर्मन युद्धकैदी होते आणि त्यांच्याशी सलगी करायला नागरिकांना मनाई होती. ती मनाई १९४६ च्या डिसेंबरात, नाताळाच्या तोंडावर, उठली. या कुटुंबांनी वाट पाहिली नाही. त्यांच्या घरांतूनही कोणी ना कोणी युद्धावर गेलेले होते. तरी त्यांनी आरोप केला नाही, टोमणा मारला नाही, नावाने हाक मारली. या आदरातिथ्याने आम्हाला मनापासून शरम वाटली, असे मोल्टमान लिहितात. ही शरम बराकीतल्या शरमेहून वेगळी होती. पहिलीने माणूस आत दडून बसत होता. या दुसरीने तो बाहेर आला.

१९४६ मध्ये त्याची निवड नॉर्टन कॅम्पसाठी झाली. नॉटिंगहॅमशायरमधल्या कक्नी गावाजवळची ही छावणी युद्धकैद्यांच्या इतिहासात आगळीच म्हणायची. वायएमसीएच्या पुढाकाराने तिथे जर्मन कैद्यांसाठी शिक्षक आणि पाळक घडवणारी विद्यालये चालवली जात होती. स्वीडिश पाळक बिर्गर फोरेल हे त्यामागचे एक मोठे नाव. तारेचे कुंपण तसेच, रखवालदार तसेच, पण आत हिब्रू भाषेचे वर्ग, ग्रंथालय आणि देशोदेशींहून येणारे व्याख्याते. जिंकलेल्या देशाने हरलेल्या देशाच्या कैद्यांना शिकवायला ज्ञानी माणसे बोलावून आणावीत, हे आजही विलक्षण वाटते. गणिताचा विचार मागे पडला आणि मोल्टमान थिऑलॉजी शिकू लागला. पुढे पाळक व्हायचे म्हणून नव्हे. या क्रुसावरच्या माणसाचे खरे काय आहे, ते त्याला जाणून घ्यायचे होते.

आणि आता स्वॅनविक.

१९४७ च्या उन्हाळ्यात डर्बीशायरमधल्या स्वॅनविक इथे ख्रिस्ती विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. युद्धानंतरचा असा हा पहिलाच मोठा मेळावा. नॉर्टन कॅम्पमधल्या काही कैद्यांनाही बोलावणे आले. अजून युद्धकैदीच होते ते. अंगावर कैद्याचे कपडे, पोटात गोळा. तिथे हॉलंडच्या विद्यार्थ्यांचा एक गट त्यांच्याकडे आला आणि आम्हाला तुमच्याशी अधिकृतपणे बोलायचे आहे म्हणाला. मोल्टमान घाबरला. त्या गटाने मग सांगायला सुरुवात केली. गेस्टापोने काय केले ते. आपले ज्यू मित्र कसे नेले गेले ते. घरे कशी उद्ध्वस्त झाली ते. काहीही सौम्य केले नाही, काहीही गाळले नाही. मग ते म्हणाले, की तुमच्यापर्यंत येण्यासाठी आमच्याकडे एकच पूल आहे, ख्रिस्त. तो नसता तर आम्ही तुमच्याशी एक शब्दही बोललो नसतो.

या प्रसंगाचा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. हॉलंडच्या मुलांनी आधी मिठी मारली नाही. आधी सांगितले. झालेल्या गोष्टींची नावे घेतली. समोरच्यांना ती ऐकून घ्यावी लागली, आणि ऐकून झाल्यावरच त्यांना आपल्या देशाच्या पापाची कबुली देता आली. क्षमा म्हणजे विसरणे असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते, प्रवचनांतूनही म्हटले जाते. स्वॅनविकमध्ये कोणी काही विसरले नाही. ज्यांचे मित्र गेले होते त्यांनी तोंडावर सगळे मोजून दाखवले आणि त्यानंतर हात पुढे केला. मोल्टमान यांना स्वतःच्या बरे होण्याचा हा टप्पा सर्वांत मोठा वाटे, आणि मलाही तो तसाच वाटतो. एकांतात बायबल वाचून हे झाले नसते. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनी येऊन ते करावे लागले.

१९४८ च्या एप्रिलमध्ये, तीन वर्षांहून अधिक काळ कैदेत काढून, ते घरी परतले. पुढचे आयुष्य इथे विस्ताराने सांगायचे कारण नाही. ग्योटिंगेनला शिक्षण, तिथेच भेटलेल्या एलिझाबेथ वेंडेल यांच्याशी विवाह (स्त्रीवादी ख्रिस्ती विचारात त्यांचे नाव स्वतंत्रपणे घ्यावे लागते), ब्रेमेनजवळच्या खेड्यात काही वर्षे पाळकाचे काम, मग प्राध्यापकी. 'आशेची थिऑलॉजी' गाजत असतानाच, १९६८ च्या एप्रिलमध्ये, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात त्याच विषयावर परिषद चालू होती. तिथे बातमी येऊन थडकली, की मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घातली. परिषद मोडली, माणसे आपापल्या शहरांकडे धावली. आशेविषयी पुन्हा तोच उत्साह घेऊन बोलणे मोल्टमान यांना जमेना. ते क्रुसाकडे वळले.

'क्रुसावर खिळलेला देव' या ग्रंथाचे सार थोडक्यात सांगायचे तर असे : देव दुःखाच्या बाहेर उभा राहून ते पाहत नाही. पुत्राला टाकलेपणाची वेदना होते, पित्याला पुत्र गमावल्याची होते. ग्रीक तत्त्वज्ञानातून ख्रिस्ती विचारात आलेली निर्विकार देवाची कल्पना त्यांनी नाकारली. हे सर्वांना पटले नाही. जर्मन थिऑलॉजियन डोरोथे झ्योल यांनी विचारले, की पुत्राला टाकणाऱ्या पित्याचे चित्र क्रूर नाही का? त्या प्रश्नात तथ्य होते असे मला वाटते. पण ज्यांच्या वाट्याला टाकलेपण आले होते, त्यांनी हा ग्रंथ उराशी धरला. १६ नोव्हेंबर १९८९ रोजी एल साल्वाडोरच्या राजधानीत, तिथल्या जेझुइट विद्यापीठाच्या आवारात, सैनिकांनी सहा धर्मगुरू, त्यांची स्वयंपाकीण आणि तिची मुलगी यांना ठार केले. एका धर्मगुरूचा मृतदेह मारेकऱ्यांनी फरफटत, त्यांचे सहकारी थिऑलॉजियन होन सोब्रिनो यांच्या खोलीत आणून टाकला. सोब्रिनो त्या दिवसांत परदेशी होते म्हणून वाचले. त्या धांदलीत कपाटातून एक पुस्तक पडले आणि रक्तात भिजले. ते याच ग्रंथाचे स्पॅनिश भाषांतर होते. आज ते तिथल्या स्मृतिदालनात काचेआड ठेवलेले आहे.

आपल्याकडेही, मोल्टमान यांच्यापासून वेगळ्या वाटेने, हीच हाक ऐकली गेली. १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजातल्या व्याख्यानातून अरविंद निर्मळ यांनी दलित थिऑलॉजीचा पाया घातला. क्रुसावर येशूला जे टाकलेपण जाणवले तेच दलितांच्या अनुभवाच्या गाभ्याशी आहे, असे त्यांनी मांडले. पाणवठ्यावरून हाकलले गेलेल्या माणसाला हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही.

आता दुसरा तुरुंग.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात केली गिसेंडनर नावाची स्त्री फाशीच्या कोठडीत होती. १९९७ च्या फेब्रुवारीत तिने आपल्या प्रियकराकरवी नवऱ्याचा, डग्लसचा, खून करवला. तो तीन मुलांच्या घरातला बाप होता. प्रत्यक्ष खून करणाऱ्याने गुन्हा कबूल करून तिच्याविरुद्ध साक्ष दिली आणि त्याला जन्मठेप झाली. तिला देहदंड. राज्यातल्या देहदंडाच्या कैद्यांत ती एकटी बाई, म्हणून तिचे बहुतेक दिवस इतर कैद्यांपासून तोडलेले.

अटलांटातल्या थिऑलॉजीच्या शिक्षणसंस्था मिळून स्त्री-कैद्यांसाठी एक प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवत. त्यात तिचे नाव घातले गेले. जेनिफर मॅकब्राइड ही तरुण प्राध्यापिका तिची शिक्षिका होती. वाचता वाचता केली दीट्रिख बोनहोफरपर्यंत पोचली. हिटलरच्या तुरुंगात असताना पत्रांतून आपले विचार लिहून ठेवणारा आणि १९४५ च्या एप्रिलमध्ये फासावर गेलेला हा पाळक तिला जवळचा वाटला असेल तर नवल नाही. मोल्टमानही तिने वाचले. तिने त्यांना पत्र लिहिले आणि बोनहोफरवरचा आपला निबंध पाठवला. ट्यूबिंगेनहून उत्तर आले. तेव्हा मोल्टमान यांनी ऐंशी ओलांडली होती. मग पत्रे सुरूच राहिली. १९४५ साली काटेरी तारेआड बायबल हाती आलेला मुलगा आणि २०१० साली फाशीच्या कोठडीत थिऑलॉजी शिकणारी स्त्री यांच्यात बोलण्यासारखे खूप होते.

२०११ च्या ऑक्टोबरमध्ये त्या वर्गाचा प्रमाणपत्र-समारंभ तुरुंगात झाला आणि मुख्य भाषणाला मोल्टमान स्वतः जर्मनीहून आले. पंच्याऐंशी वर्षांचे होते ते. पुढे ते जाहीरपणे सांगत, की राज्याला जी बाई मारायची आहे ती आता उरलेली नाही, तिच्या जागी दुसरीच व्यक्ती आहे.

ती खरोखर बदलली होती का? बाहेरच्या माणसाने हे ठरवणे अवघड असते, आणि फाशी टाळण्यासाठी धर्माचा आधार घेणारे कैदी असतात हेही खरे. म्हणून मी भक्तीच्या उद्गारांपेक्षा दुसऱ्या एका गोष्टीला अधिक वजन देतो. शिस्तभंगासाठी किंवा जिवाला धोका आहे म्हणून ज्या बायकांना एकांतवासात डांबले जाई, त्यांच्या कोठड्या केलीच्या कोठडीजवळ होत्या. भिंतीतल्या हवेच्या झरोक्यातून आवाज जात असे. जीव द्यायला निघालेल्या बायकांशी केली त्या झरोक्यातून बोलत राही. समोरासमोर येणे शक्य नव्हते, तोंडही दिसत नव्हते. तुरुंगातून सुटून गेलेल्या अशा काही बायका पुढे उघडपणे सांगायला आल्या, की त्या आवाजामुळे आम्ही जगलो. त्या बायकांना यातून काही मिळायचे नव्हते. म्हणून त्यांच्या शब्दावर मी विश्वास ठेवतो.

२०१५ च्या फेब्रुवारीत तिच्या मृत्यूची तारीख ठरली. हिमवादळाच्या भीतीने ती पुढे ढकलली. मार्चमध्ये पुन्हा ठरली, तर इंजेक्शनचे औषध गढूळ दिसले म्हणून रात्री उशिरा थांबवली. माणसाला मरणाच्या दारात नेऊन परत आणणे, पुन्हा नेणे, हे कोणत्याही न्यायाच्या नावाखाली बसत नाही. दयेचे अर्ज झाले. पोप फ्रान्सिस यांच्या वतीने विनंती गेली. तिच्या मुलांनी आईचा जीव मागितला, बाप तिच्यामुळे गेलेला असताना. जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त सरन्यायाधीश नॉर्मन फ्लेचर यांनी आपण पूर्वी तिच्याविरुद्ध दिलेले मत चुकीचे होते असे सांगितले. काही उपयोग झाला नाही. २९ सप्टेंबरची मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे ३० सप्टेंबर २०१५ रोजी, जॅक्सनच्या तुरुंगात तिला विषाचे इंजेक्शन दिले. तिने नवऱ्याच्या घरच्यांची माफी मागितली, एक चांगला माणूस माझ्यामुळे गेला असे म्हणाली, आणि शेवटपर्यंत 'अमेझिंग ग्रेस' गात राहिली. सत्तर वर्षांत जॉर्जियाने मारलेली ती पहिली स्त्री. मॅकब्राइड यांनी हा सगळा वृत्तांत पत्रांसह २०२२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला.

तुरुंगाने तिला बरे केले असे कोणी म्हणत असेल तर त्याने ही तारीख पाहावी. तुरुंगाने तिला बंद केले आणि शेवटी मारले. बरे करणारे हात वेगळे होते. शिकवायला येणाऱ्या बाया, ट्यूबिंगेनहून येणारी पत्रे, झरोक्यापलीकडची माणसे, आणि त्या सगळ्यांत तिला भेटलेला, स्वतःही देहदंड झालेला एक कैदी. मोल्टमान यांचेही तसेच. छावणी क्रमांक २२ ने त्यांना काहीच दिले नाही. दिले ते तिच्या कुंपणातून आत शिरलेल्यांनी.

आणि डग्लसचे घर? त्याच्या नातलगांनी दया मागितली नव्हती. या सगळ्या गदारोळात खरा बळी डग्लस आहे, हे लोक विसरत चालले आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. केलीच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी हे वाक्य बहुधा घाईघाईने ओलांडले आहे. मोल्टमान यांनी मात्र, कोणत्याही एका खटल्याचा विषय नसताना, नेमके इथे बोट ठेवले होते. पाश्चात्य चर्चने शतकानुशतके पाप्याची सुटका कशी होईल याचाच विचार केला, ज्याच्यावर पाप घडले त्याला न्याय कसा मिळेल हे विचारलेच नाही, अशी त्यांची तक्रार होती. करणाऱ्याची आठवण आखूड असते, सोसणाऱ्याची लांब असते, आणि म्हणून करणाऱ्याला स्वतःचे सत्य कळायचे असेल तर त्याने सोसणाऱ्याच्या आठवणीला शरण गेले पाहिजे, असे ते शिकवत. हे त्यांनी कोणत्या ग्रंथातून घेतले नव्हते. स्वॅनविकला हॉलंडची मुले समोर उभी राहून बोलत होती तेव्हा ते त्यांना कळले होते.

हॉलंडच्या त्या मुलांना बोलायला वेळ मिळाला आणि ऐकणारे जिवंत होते. डग्लसच्या आईवडिलांना आणि केलीला अशी एकमेकांसमोर बसायची वेळ कोणी आणून दिली नाही. न्यायालयात ती त्यांच्यासमोर आरोपी होती, पुढे वर्षानुवर्षे भिंतीआड, आणि तिचे शेवटचे माफीचे शब्द त्यांच्यापर्यंत पोचले ते तिला टेबलावर पट्ट्यांनी जखडल्यानंतर.